शामनी प्रवास शिकताना आधी परत यायला शिका

शामनी साधनेकडे वळणारा नवखा माणूस बहुधा पहिल्यांदा विचारतो, ‘तिकडे जायचं कसं?’ डफ कुठला घ्यायचा, डोळे मिटल्यावर काय दिसतं, मार्गदर्शक प्राणी कधी भेटतो, असे त्याचे प्रश्न असतात आणि ते स्वाभाविकच आहेत. पण जुन्या परंपरांच्या गोष्टी लक्ष देऊन ऐकल्या, तर त्यांत जाण्यापेक्षा परत येण्यावर जास्त जीव ओतलेला दिसतो. शामन पाताळात उतरला, हे सांगणारा दोन वाक्यांत सांगून मोकळा होतो. वाटेत कोणाला काय द्यावं लागलं, परतताना काय हाती लागलं आणि आल्यावर लोकांना काय करावं लागलं, हे सांगण्यात मात्र रात्र सरते. म्हणून या लेखात साधनेचा क्रम मी परतीच्या अंगाने मांडतो आहे.

शामन म्हणजे आपल्या लोकांसाठी, जाणूनबुजून, डफ-गाणं-नाच यांच्या आधारे चित्त पालटून आत्म्यांच्या जगाशी व्यवहार करणारा माणूस. सायबेरियातले इव्हेंक आणि तुवा, मंगोलियाच्या आसपासचे बुर्यात, आर्क्टिकमधले इनुइट, उत्तर युरोपातले सामी, कोरियातल्या मुदांग, नेपाळमधले झाँक्री, ॲमेझॉनमधले शिपिबो अशी यादी बरीच लांबते. ‘अंगात येणं’ आणि शामनचा प्रवास या दोन गोष्टी वेगळ्या, असं पुष्कळदा सांगितलं जातं: एकात देव माणसात उतरतो, दुसऱ्यात माणूस देवाकडे जातो. ढोबळमानाने ते बरोबर आहे. पण कोरियात मुदांगच्या अंगात देव उतरतात आणि तरीही तिला शामनच म्हणतात, तेव्हा ही रेघ फार जाड ओढू नका.

आधी गोष्टी

सुरुवातीचे काही आठवडे डफाला हात लावू नका. गोष्टी वाचा, ऐका आणि शक्य असेल तर कोणाला तरी मोठ्याने सांगा. गोष्ट सांगताना जिथे अडखळता, तिथेच बहुतेक वेळा शिकण्यासारखं काही दडलेलं असतं.

ईशान्य चीनमधल्या मांचू लोकांमधली निशान शामनची गोष्ट मी प्रत्येक नवख्या माणसाला आधी ऐकायला सांगतो. एका धनाढ्य माणसाचा मुलगा शिकारीला जातो आणि तिथेच मरतो. मुलाचा आत्मा परत आणण्यासाठी बाप निशान नावाच्या तरुण विधवेकडे येतो. ती घरी कपडे वाळत घालत असते. म्हाताऱ्या सासूचं सगळं तीच बघते. जाण्याआधी ती काय मागून घेते, ते नीट बघा: एक कुत्रा, एक कोंबडा, आंबवलेल्या सोयाबीनचे गोळे आणि कागदाच्या गड्ड्या. शिवाय ताल धरणाऱ्या सोबत्याला ती निघण्याआधीच बजावते, की मी परतू लागले की माझ्या तोंडाजवळ पाणी ओत. म्हणजे पाऊल उचलण्यापूर्वीच परतीचा बंदोबस्त झालेला आहे. वाटेत नदीवर लंगडा नावाडी भेटतो. त्याला गोळे आणि कागद देऊन ती पार होते. पुढच्या चौकीवरही तेच. मुलाचा आत्मा हाती आल्यावर त्याला घेऊन गेलेला मृत्युलोकाचा माणूस तिच्यामागे धावत येतो: सगळंच नेलंस, मी धन्याला काय तोंड दाखवू? मग घासाघीस सुरू होते. ती कोंबडा आणि कुत्रा देऊ करते आणि बदल्यात मुलाचं आयुष्य वाढवून मागते. वीस वर्षांपासून सुरू झालेला सौदा नव्वदपर्यंत जातो.

या गोष्टीत चमत्कार थोडा आणि देणंघेणं फार आहे. तिकडच्या जगात कोणी फुकट काही नेत नाही.

दुसरी गोष्ट इनुइट लोकांची. ग्रीनलंडमध्ये जन्मलेला आणि तिथली भाषा बालपणापासून बोलणारा क्नुद रास्मुसेन १९२१ ते १९२४ या काळात कॅनडाच्या उत्तरेतून कुत्र्यांच्या गाडीने फिरला. इग्लुलिक भागात आवा नावाच्या शामनकडून आणि त्याच्या लोकांकडून त्याने जे टिपलं, त्यात समुद्रतळाच्या स्त्रीकडे जाण्याचं सविस्तर वर्णन आहे. तिची बोटं तोडली गेली आणि त्यांचेच सील आणि वॉलरस झाले. लोकांनी नियम मोडले की ते मळासारखे तिच्या केसांत साचतात, ती रुसून प्राणी कोंडून ठेवते आणि वर उपासमार सुरू होते. मग बर्फाच्या घरात दिवे मालवतात, लोक डोळे मिटून बसतात आणि शामन पडद्याआड उतरू लागतो. खाली तिच्या दारात कुत्रा आडवा पडलेला असतो. आत ती दिव्याकडे आणि प्राण्यांकडे पाठ फिरवून बसलेली असते. शामन तिच्या खांद्याला धरून तिला उजेडाकडे वळवतो आणि तिचे केस विंचरतो, कारण बोटंच नसल्यामुळे तिला ते स्वतः करता येत नाही.

इथे गोष्ट संपली असती तर ती सुंदर परीकथा झाली असती. पण तो परततो आणि घरात बसलेल्या लोकांचं काम आता सुरू होतं. एकेकजण उठून, लपवून ठेवलेली चूक सगळ्यांसमोर बोलून दाखवतो. सील परत येतात ते त्यानंतर.

प्रत्येक गोष्टीला वहीत चार प्रश्न विचारा. हा कोणासाठी गेला? वाटेत काय दिलं? परत कशाच्या आधाराने आला? आल्यावर इतरांना काय करावं लागलं? कोरियातल्या बारी राजकन्येची गोष्ट याच प्रश्नांनी उघडते. सातवी मुलगी म्हणून टाकून दिलेली बारी, आजारी आईबापांसाठी परलोकातलं जीवनजल आणायला जाते. थोरल्या सहा बहिणींनी आधीच नकार दिलेला असतो. ते पाणी सांभाळणाऱ्याकडे ती कित्येक वर्षं लाकूड, पाणी आणि चुलीची कामं उपसते, तेव्हा कुठे ते तिच्या हाती लागतं. मृतांसाठीच्या विधीत मुदांग ही गोष्ट गाऊन सांगते.

आपण शामन नाही

डफाच्या तालावर प्रवास करता येऊ लागला म्हणून कोणी शामन होत नाही. ती पदवी लोक देतात आणि बहुतेक ठिकाणी ती हवीशी नसते. कोरियात तिची सुरुवात पुष्कळदा लांबलेल्या आजारपणाने होते. उत्तर सायबेरियातल्या शामनांनी सांगितलेल्या अनुभवांत आत्मे त्यांचे तुकडे करून कढईत शिजवतात, हाडं मोजतात आणि लोहार नवं डोकं घडवतो. ज्यांनी हे भोगलं, ते अभिमानाने सांगत फिरत नाहीत. आपण साधक आहोत, शिकणारे आहोत, एवढं पुरेसं आहे.

काय आपलं नाही, हेही ठरवून टाका. १९९३ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या लाकोटा या मूळ रहिवासी लोकांच्या प्रतिनिधींनी आपल्या विधींची विक्री करणाऱ्यांविरुद्ध उघड जाहीरनामा काढला. स्वेट लॉज (बंद झोपडीत तापलेल्या दगडांच्या वाफेत बसण्याचा विधी), दृष्टांतासाठीचा उपवास, पवित्र चिलीम या गोष्टी त्यांच्या आमंत्रणाशिवाय करायच्या नाहीत, हे मी वादाच्या पलीकडचं मानतो. सामी लोकांचे डफ मिशनरी आणि राजसत्तेने जप्त केले, जाळले. १६९२ मध्ये जादूटोण्याच्या आरोपावरून खटला चाललेल्या सामी आंदेर्स पॉल्सेनचा डफ २०२२ मध्ये, तीनशेहून अधिक वर्षांनी, डेन्मार्कहून सामींच्या मालकीत परत गेला. सोव्हिएत काळात सायबेरियातही शामनांना अटका झाल्या. ज्या डफासाठी लोकांनी जीव गमावला, तो डफ आपण आज सहज विकत घेऊ शकतो. ही जाण मनात ठेवूनच तो हातात घ्यावा.

मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातली माझातेक उपचारक मारिया साबिना हिचं उदाहरण मला सगळ्यात जास्त हलवतं. तिच्याकडे चित्त पालटणारी पवित्र अळंबी आजाऱ्यासाठी वापरली जात. १९५५ मध्ये तिने एका अमेरिकी पाहुण्याला रात्रीच्या विधीत बसू दिलं. १९५७ मध्ये त्याचा लेख मोठ्या खपाच्या मासिकात आला आणि अनुभवाच्या शोधात परक्यांची रीघ लागली. गावाने तिला दोष दिला, तिचं घर जाळलं गेलं. परके आल्यापासून अळंबीची शक्ती गेली, असं ती पुढे म्हणाली. इथे परक्यांनी अनुभव नेला आणि किंमत तिने मोजली.

मग आपल्यासाठी उघडं काय आहे? मानववंशशास्त्रज्ञ मायकेल हार्नर यांनी इक्वाडोरमधल्या शुआर आणि पेरूमधल्या कोनिबो लोकांमध्ये राहिल्यावर, कुठल्याही एका जमातीचे विधी न घेता डफाच्या साध्या तालावर प्रवास करण्याची पद्धत बसवली आणि १९८० मध्ये ती पुस्तकातून मांडली. या पद्धतीवर टीका होते, की तिने समाज आणि जमीन वगळून फक्त तंत्र उचललं. टीका रास्त आहे. तरीही नवख्या माणसाला कोणाचं काही न चोरता सुरुवात करता येईल असा मार्ग मला हाच दिसतो. पुढच्या पायऱ्या बऱ्याच अंशी त्यावरच आधारलेल्या आहेत.

कोणी थांबावं

स्किझोफ्रेनिया, बायपोलर आजार किंवा भास होण्याचा इतिहास असेल, अपस्मार असेल, नुकताच मोठा मानसिक धक्का बसला असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय प्रवास करू नका. चालू असलेलं औषध कोणाच्याही सांगण्यावरून, अगदी प्रवासात भेटलेल्या कोणाच्याही सांगण्यावरून, बंद करायचं नाही.

वनस्पतींचा मार्ग नवख्या माणसाचा नाही. आयाहुआस्का या ॲमेझॉनमधल्या चित्त पालटणाऱ्या काढ्यातली वेल शरीरातलं एक विकर रोखते. नैराश्यावरच्या अनेक गोळ्यांसोबत ती घेतल्यास जिवावर बेतू शकतं. शिवाय अनेक देशांत तो गुन्हा आहे. उष्णतेचे आणि उपाशी राहण्याचे विधीही तसेच. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, सेडोनाजवळच्या एका महागड्या शिबिरात स्वेट लॉजमध्ये बसलेल्यांपैकी तिघे दगावले आणि शिबिर घेणाऱ्याला पुढे शिक्षा झाली. परंपरा आणि वैद्यक यांत एकच निवडावं लागतं, असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या मर्सेड इथल्या एका रुग्णालयाने आग्नेय आशियातून आलेल्या ह्मोंग लोकांच्या शामनांना रुग्णाच्या खाटेजवळ विधी करण्याची रीतसर मुभा दिली आहे.

जागा, डफ आणि प्रश्न

अर्धा-पाऊण तास कोणी हाक मारणार नाही अशी खोली, अंथरायला चटई, डोळ्यांवर बांधायला कापड, उशाशी वही-पेन आणि पाण्याचा तांब्या. जेवून लगेच बसू नका आणि अगदी उपाशीही बसू नका. दारू प्यायली असेल तर त्या दिवशी प्रवास नाही.

डफ वाजवणारा विश्वासू सोबती असेल तर उत्तम. नसेल तर ध्वनिमुद्रण चालतं. ठोका एकसारखा हवा, मिनिटाला साधारण २०० ते २२०. ऐकताना तो घाईचा वाटतो, पण काही मिनिटांत मनाची बडबड त्याखाली दबते. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं पुरे. ध्वनिमुद्रण निवडताना शेवटी परतीची खूण आहे ना, ते आधी पूर्ण ऐकून तपासा. नेहमीची खूण अशी: सात-सात ठोक्यांचे चार संच, मग थोडा वेळ अतिजलद वादन आणि पुन्हा सात-सातचे चार संच. ती नसलेलं ध्वनिमुद्रण वापरू नका.

प्रश्नावर मात्र वेळ खर्च करा. एका प्रवासाला एकच प्रश्न. ‘नोकरी सोडू का?’ असा हो-नाहीचा प्रश्न नको आणि ‘लग्न कधी होईल?’ असं भविष्यही नको. ‘या कामात मला काय दिसत नाहीये?’, ‘भावाशी बोलताना मी काय वेगळं करू शकतो?’ असे प्रश्न चालतात, कारण त्यांचं उत्तर घेऊन परतल्यावर काही करता येतं. प्रश्न कागदावर लिहा, मग आडवं व्हा. लिहून बघितला की निम्म्या वेळा तो बदलावासा वाटतो. तसं झालं तर बदला.

उतरणं

अनेक परंपरांत जगाचे तीन थर मानले जातात. अल्ताईतला शामन वरच्या लोकात जाताना खाचा पाडलेल्या बर्च झाडावर खरोखर चढत असे आणि प्रत्येक खाच म्हणजे एक आकाश. नवख्या माणसाने सुरुवात खालच्या लोकापासून करावी. तो नरक नाही. तिथे बहुधा जंगल, पाणी, प्राणी आणि मोकळा निसर्ग भेटतो. आपल्या रोजच्या जगाच्या मधल्या थरात फिरण्याचा मोह सुरुवातीला टाळाच. तिथे कुतूहल आणि दुसऱ्याच्या खासगीत डोकावणं यांतलं अंतर फार थोडं असतं.

डफ सुरू झाला की तुम्ही प्रत्यक्षात पाहिलेलं जमिनीतलं एखादं द्वार आठवा: झाडाच्या मुळाशी असलेली ढोली, झरा, गुहा, बीळ. कल्पनेतलं नको, कारण परतताना ओळखीची जागा पटकन सापडते. तिथे उभे राहा. हवा कशी आहे, मातीला वास कसला येतो, हाताला खडबडीत लागतं की ओलं, हे सावकाश जाणवू द्या. सगळ्यांना चित्रं दिसत नाहीत. कोणाला आवाज येतो, कोणाला नुसतंच ‘कळतं’, कोणाला अंगावर जाणवतं. मला स्वतःला दिसतं कमी आणि पायाखालच्या जमिनीचा बदल आधी कळतो. चिखल, वाळू, खडक यांवरून मी वाट ओळखतो. तुमचा मार्ग कुठला, ते पहिल्या काही प्रवासांत लक्षात येईल.

आत शिरा, बोगद्यातून खाली जा, बाहेर मोकळी जागा येईल. समोर जो प्राणी किंवा आकृती येईल, तिला नम्रपणे नमस्कार करून विचारा, ‘तुम्ही मला मदत करायला आला आहात का?’ उत्तर ‘नाही’ आलं किंवा टाळाटाळ जाणवली, तर पुढे चला. ‘हो’ असेल तर प्रश्न विचारा आणि गप्प राहा. लांडगा-गरुडच हवा असा हट्ट नको. बेडूक आला तर बेडकाचं ऐका. आणि निशानसारखं काहीतरी द्या. सोबत काय न्यायचं ते निघण्यापूर्वीच ठरवा: एक गाणं, मूठभर धान्य, एखादं वचन. दिलेलं वचन नंतर पाळावं लागतं, तेव्हा झेपेल तेवढंच द्या.

‘हे सगळं माझ्या मनाचे खेळ तर नाहीत?’ ही शंका येणारच. ती दाबू नका आणि तिथेच तिच्याशी वादही घालू नका. शामनची पारख त्याच्या वर्णनांवर होत नसे. सील आले का, रोगी उठला का, यावर होत असे. आपली पारखही नंतरच्या वागण्यात होऊ दे.

परतणं

ही पायरी नवखे लोक हमखास उरकतात. खूण ऐकू आली की जिथे असाल तिथून निघायचं, कितीही गोड चाललं असलं तरी. आभार मानून निरोप घ्या आणि गेलात त्याच वाटेने उलटे या: मोकळी जागा, बोगदा, द्वार. वाट गाळू नका. द्वारातून बाहेर आलात की लगेच डोळे उघडू नका. आधी तळपाय हलवा, बोटं मुठीत घ्या, पाठीखालची चटई जाणवू द्या. स्वतःचं पूर्ण नाव मोठ्याने उच्चारा. मग डोळे उघडा, कुशीवर वळून उठा, गार पाण्याने तोंड धुवा, दोन घास खा.

डफ संपल्यावरही डोकं जड, अंग हलकं किंवा सगळं लांबून दिसल्यासारखं वाटत असेल, तर परत येणं अर्धवट राहिलं आहे. अनवाणी चाला, भांडी घासा, कोणाशी तरी साध्या विषयावर बोला. तोवर गाडी चालवू नका. ही अवस्था तासाभरापेक्षा जास्त टिकत असेल, झोप उडत असेल किंवा दिवसा नको असताना दृश्यं दिसत असतील, तर साधना थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मनात पूर्ण परत येण्यासाठी लिहावं लागतं. कोणाशी बोलण्याआधी, वर्तमानकाळात, अर्थ न लावता लिहा: ‘कासव पाण्यात शिरतं, मागे वळून बघत नाही.’ अर्थ दुसऱ्या दिवशी लावा. ताज्या प्रवासाचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावतो.

परतल्यावरचं काम

ओग्लाला लाकोटा जमातीतल्या ब्लॅक एल्कला नवव्या वर्षी मोठा दृष्टांत झाला. त्याने तो कित्येक वर्षं मनात ठेवला आणि ढग गडगडले की तो भीतीने थरथरत असे. अखेर सतरा-अठराव्या वर्षी एका वडीलधाऱ्या जाणत्याला त्याने तो सांगितला. जाणत्याने सांगितलं की दृष्टांत लोकांसमोर प्रत्यक्ष करून दाखवलाच पाहिजे. मग गावाने मिळून घोड्यांचा नाच उभा केला. स्वार, रंग, गाणी, सगळं दृष्टांतात होतं तसं. तेव्हा ती भीती सरली.

आपले प्रवास एवढे मोठे नसतात, पण नियम तोच लागू होतो. प्रत्येक प्रवासातून एक छोटी, दिसेल अशी कृती निवडा आणि आठवड्याच्या आत करा: कोणाला फोन, एखादी माफी, झाडाला पाणी, टाळलेली तपासणी. कृती झाली नसेल तर दुसरा प्रवास नको. अनेक प्रवास साठवून एकही कृती न करणारे साधक मी पाहिले आहेत. ते हळूहळू इकडच्या जगाला कंटाळू लागतात आणि मला त्यांची काळजी वाटते.

मिळालेला सल्ला तपासूनच घ्या. जो सल्ला तुम्हाला इतरांपेक्षा थोर ठरवतो, कोणाला तोडायला सांगतो, मोठी रक्कम खर्च करायला लावतो किंवा इजा करायला सुचवतो, तो बाजूला ठेवा. ‘मला प्रवासात सांगितलं गेलं’ हे वाक्य दुसऱ्यावर दबाव टाकण्यासाठी कधीच वापरायचं नाही. दुसऱ्यासाठी प्रवासही त्याने स्पष्टपणे मागितल्याशिवाय नाही; आजारी नातेवाइकासाठी, प्रेमापोटी असला तरीही. आणि आत्मा परत आणण्यासारखे उपचार शिक्षकाच्या देखरेखीशिवाय करू नयेत.

शिक्षक बघताना

काही महिने एकट्याने, महिन्यातून दोन-तीनदा, वही सांभाळून साधना झाली की शिक्षक शोधायला हरकत नाही. पैसे घेणं यात गैर नाही. निशानलाही मोबदला मिळाला होता. पण स्वतःला एखाद्या जमातीचा गुप्त वारस म्हणवणारा, औषधं सोडायला सांगणारा, घरच्यांपासून तोडणारा, शरीरसंबंधाला उपचार म्हणणारा किंवा आजार बरा करण्याची हमी देणारा भेटला, तर तिथून सरळ उठून या.

बाकीच्यांना दोन प्रश्न विचारा. पहिला: हे तुम्ही कोणाकडून शिकलात आणि त्या लोकांना तुमच्या कामातून काय परत जातं? दुसरा: एखादा शिष्य डफ थांबल्यावरही भानावर आला नाही, तर तुम्ही नेमकं काय करता? पांघरूण, पाणी, नाव घेऊन हाक, शेजारी बसून राहणारा माणूस आणि गरज पडल्यास कुठल्या डॉक्टरला बोलवायचं, हे ज्याला न अडखळता सांगता येतं, त्याच्याकडे शिकायला बसा.